डबा डिस्क घेईना

आमच्या घरी त्याला कधी कोणी गेम म्हटलं नाही. तो डबा. राखाडी रंगाचा, चपटा, वर गोल झाकण. बटण दाबलं की झाकण टक्कन वर यायचं आणि आत डिस्क बसवायची जागा दिसायची. "डबा लाव", "डबा तापलाय, जरा थांबा", "डबा आवरा आता, जेवायचं हाय." दारावरून जाणाऱ्याला वाटावं, या घरात दिवसभर खाण्याचंच चाललेलं असतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्यात ड्रायव्हर होते. त्यांच्या शेवटच्या पोस्टिंगला एका साहेबांची बदली झाली आणि सामान भरायला अण्णा गेले होते. साहेबांची मुलं मोठी झालेली. हा डबा टाकून द्यायच्या ढिगात पडला होता. अण्णांनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं, तर मॅडम म्हणाल्या, घरी मुलं असतील तर घेऊन जा. अण्णांनी तो ब्लँकेटमध्ये गुंडाळला आणि काळ्या ट्रंकेच्या तळाशी ठेवला. रिटायर होऊन ते गावी आले तेव्हा त्या ट्रंकेतून कँटीनचे साबण निघाले, स्वेटर निघाले, आईसाठी शाल निघाली आणि सगळ्यात शेवटी हा.

आमचं गाव म्हसवडपासून जवळ, माळावर. आजोबांच्या हयातीपर्यंत घरात मेंढरं होती. अण्णा घरातले पहिले फौजी आणि मी घरातली पहिली कॉलेजला गेलेली. हे मी मोठेपणानं सांगत नाही. पुढं जे घडलं त्याच्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून सांगते. घरात पहिल्यांदा कोणी शिकायला लागलं की बाकीच्यांना वाटतं, आता हिला सगळंच येत असणार.

डब्यासोबत मोजक्या डिस्क होत्या. त्यातली गाड्यांच्या शर्यतीची आमची सर्वात लाडकी. डोंगरातला रस्ता, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. माझा मोठा भाऊ पहिल्या दिवसापासून गाडी अशी हाणायचा की तिचा पत्रा रस्त्यावर कमी आणि कड्यावर जास्त घासायचा. मी त्याच्या मागं. आणि अण्णा? त्यांनी उभं आयुष्य खऱ्या घाटात ट्रक चालवलेले. ते शर्यतीतही गाडी डाव्या बाजूनं, सावकाश, मागच्याला वाट देत चालवायचे.

"अण्णा, शर्यत हाय ही! दाबा की!"

"वळण हाय म्होरं. दिसंना का तुला?"

"समोरनं कोण येत न्हाई ह्यात. सगळं एकाच बाजूला जात्यात."

"तुला काय ठावं? न्हाई येत न्हाई येत म्हणता म्हणता येतंय कोणतरी."

वळणावर हॉर्न द्यायला हवा, असा त्यांचा नियम. त्या गेममध्ये हॉर्नचं बटणच नव्हतं. मग ते तोंडानंच "पोंऽऽ" करायचे. भाऊ हसून हसून गादीवर लोळायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आवं, लहान हाय का तुमी?" अण्णांचं लक्षच नसायचं. नजर पडद्यावर, अंगठा बटणावर, आणि पुढचं वळण आलं की पुन्हा "पोंऽऽ". ते नेहमी शेवटून पहिले यायचे आणि गाडीला एकही ओरखडा नाही म्हणून खूश असायचे.

डबा तेव्हाही अधूनमधून रुसायचा. डिस्क घालायची, बटण दाबायचं, आतून सर्र आवाज यायचा आणि पडदा काळाच. मग भावाचे उपाय सुरू. डिस्क काढून बनियनला पुसायची. झाकणावर हात दाबून धरायचा. सगळ्यात शेवटी डबा उलटा करायचा. उलटा केला की का चालतो ते आम्हाला माहीत नव्हतं, पण बऱ्याचदा चालायचा. मग त्या वटवाघळासारख्या पालथ्या पडलेल्या डब्यावर आम्ही संध्याकाळभर खेळायचो. मध्येच वीज जायची. सगळ्यांचे चेहरे एकदम अंधारात. कोणी उठायचं नाही, कारण वीज परत आली की पहिला नंबर कुणाचा, यावर भांडण ठरलेलं असायचं. आता हॉस्टेलवर वीज गेली की सगळ्या जणी आपापल्या मोबाईलचा दिवा लावतात आणि मला उगीच त्या अंधाराची आठवण येते. नक्की कशाची आठवण येते ते सांगता येत नाही. बहुतेक, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लावून बसण्याची.

मग भाऊ भरती झाला, मी सांगलीला इलेक्ट्रॉनिक्स शिकायला गेले आणि डबा ट्रंकेत गेला.

दिवाळीनंतर अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. ते तेव्हा म्हसवडच्या एका शाळेची गाडी चालवत होते. नशीब म्हणायचं की घरी असताना आला, गाडीवर असताना नाही. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजवा हात मागं राहिला. बोटं हलायची, पण सांगितल्यावर थोड्या वेळानं, आणि तीही मनाविरुद्ध हलल्यासारखी. व्यायाम शिकवायला यायच्या त्या मॅडमनी एक मऊ चेंडू दिला. म्हणाल्या, दिवसातून जितकं होईल तितकं दाबा, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात, आत्ता बोटं हलली तर हलतील. नंतर मला बाजूला घेऊन हेच त्यांनी जास्त स्पष्ट सांगितलं. हात असाच मांडीवर पडून राहिला तर तो तसाच राहील.

अण्णांनी चार-दोन दिवस चेंडू दाबला. मग शेजारचे एक काका तब्येत विचारायला आले आणि चेष्टेत म्हणाले, "काय मेजर, नातवंडं यायच्या आदीच चेंडू खेळायला लागला व्हय?" गावात प्रत्येक फौजीला मेजरच म्हणतात. काकांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण त्या दिवसापासून चेंडू उशीखाली गेला. मी पुढच्या सुट्टीला घरी आले तेव्हा अण्णा उजवा हात शालीखाली झाकून बसलेले असायचे. मी चेंडू पुढं केला की म्हणायचे, "मगाशी केलंय." केलेलं नसायचं.

एका संध्याकाळी टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. अण्णा बघत नव्हते. मध्येच म्हणाले, "तो डबा चालंल का गं अजून?"

मी आईकडं पाहिलं. आईनं माझ्याकडं. त्याच्या कंट्रोलरवरचं वेग द्यायचं बटण उजव्या अंगठ्यानं दाबायचं असतं. ते सतत दाबून ठेवावं लागतं, सोडलं की गाडी थांबते. माझ्या डोक्यात हे सगळं एका क्षणात आलं आणि मी ट्रंक उघडायला पळाले.

डबा स्वच्छ होता. वर धुळीचा कणही नाही. याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं, पण घाईत वाटलं नाही. टीव्ही आमचा जुनाच, मागं मोठं पोट असलेला. पिवळी, पांढरी, लाल पिन आपापल्या जागी बसली. डिस्क घातली. अण्णांनी शालीतून हात बाहेर काढून मांडीवर ठेवला.

बटण दाबलं. दिवा लागला. आतून सर्र आवाज, मग टिक, टिक, टिक. पडदा काळा.

मी डिस्क पुसली. मधून कडेकडं, सरळ रेषेत, जसं व्हिडिओत सांगतात तसं. दुसरी डिस्क घातली, तिसरी घातली. टूथपेस्ट लावून ओरखडे घासले. डबा उलटा केला. आडवा-उभा केला. टिक, टिक, टिक. भावाला फोन लावला, तो ड्यूटीवरून नुकताच बराकीत आला होता.

"उलटा केलास का?"

"केला."

"झाकण दाबून?"

"दाबलं रं दादा. सगळं झालं."

"मग आता तूच बघ बारके. चार वर्सं सांगलीत काय भाकऱ्या थापायला शिकतीस का? उघड की त्याला."

"अजून चार झाली न्हाईत. आणि आमाला हे शिकवत न्हाईत."

"मग काय शिकवत्यात?"

अण्णा ऐकत होते. "राहू दे," ते म्हणाले. "जुनं झालं ते बी." ते "बी" मला लागलं. हात पुन्हा शालीखाली गेला.

सुट्टी संपली. मी डबा माझ्या बॅगेत घेतला, कंट्रोलर, पिना आणि ती एक डिस्क घेतली आणि विट्याला गाडी बदलून सांगलीला आले. येताना मनात सारखं हेच चाललं होतं की अण्णांच्या हातातला चेंडू सुटलाच होता, आता आपण डबाही काढला. आधी विषयच निघाला नसता तर बरं झालं असतं. आशा दाखवून काढून घेणं जास्त वाईट.

सांगलीत स्टँडजवळच्या मोबाईल दुरुस्तीच्या गल्लीत मी डबा घेऊन फिरले. पहिल्या दोन दुकानांनी बॅगेतून पूर्ण बाहेरही काढू दिला नाही. तिसऱ्यानं हातात घेतला, झाकण उघडबंद केलं आणि त्याचा चेहरा एकदम शाळकरी झाला.

"आयला! हा कुठं मिळाला? आम्ही तासावर पैसे देऊन खेळायचो."

"डिस्क घेत नाही."

"लेन्स गेली असणार. जुन्याची हीच तक्रार. आता लेन्स नाही मिळत. मिळाली तरी खरी मिळेल याची खात्री नाही. मोबाईलवर असल्याच गाड्यांचा गेम टाकून देऊ का?"

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की मोबाईल चालणार नाही. काचेवर नुसतं बोट टेकवायचं असतं, ती काच उलट दाब देत नाही. मला बटण हवं आहे, दाबल्यावर अंगठ्याला जोर लागेल असं. का ते मी सांगितलं नाही, त्यामुळं त्याला मी विचित्र वाटले असणार. तरी त्यानं स्पिरिटची छोटी बाटली, कापसाच्या काड्या आणि बारीक स्क्रूड्रायव्हर दिला. म्हणाला, "लेन्सच्या शेजारी एक बारका स्क्रू असतो. तो किंचित फिरवला की लेन्सला जास्त ताकद मिळते. कधीकधी चालतं. जास्त फिरवला की लेन्स कायमची जाते. बघ तुझं तू."

हॉस्टेलच्या खोलीत मी पलंगावर वर्तमानपत्र पसरलं. माझी रूममेट सांगलीचीच, घर दूर उपनगरात म्हणून हॉस्टेलला राहणारी. तिचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला. ती समोर मांडी घालून बसली आणि मी काढलेले स्क्रू वाटीत टाकत राहिली.

"तुला येतंय ना हे?"

"नाही."

"मग मस्तच."

वरचं कव्हर निघालं. आत मी कल्पना केली होती त्यापेक्षा कमी वस्तू होत्या. मध्ये डिस्क फिरवणारी चकती. तिच्या शेजारी लेन्स, हरभऱ्याएवढी, एका छोट्या गाडीवर बसवलेली. ती गाडी दोन रुळांवरून पुढं-मागं सरकते आणि डिस्क मधून कडेपर्यंत वाचत जाते. शेजारी तो स्क्रू. मी त्याच्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. लॅबमध्ये असे स्क्रू आम्ही कितीतरी वेळा फिरवले आहेत, पण तिथं जळलं तर दुसरं मिळतं. मी स्वतःला सांगत होते, किंचित, अगदी किंचित.

"थांब," रूममेट म्हणाली. "ते लाल काय आहे?"

"कुठं?"

"ते पांढऱ्या चाकात."

गाडी सरकवणाऱ्या पांढऱ्या दातेरी चाकात एक लालसर कण अडकला होता. मी चिमट्यानं काढला. तांदळाचा दाणा. कुंकवात भिजलेला. आणखी एक रुळाच्या टोकाला. मग मी लेन्सकडं नीट पाहिलं. इतका वेळ मला वाटत होतं की जुन्या लेन्सचा रंगच तसा पिवळट असतो. रूममेटनं वाकून बघितलं, कापसाची काडी हलकेच टेकवली, नाकाशी नेली.

"हळद," ती म्हणाली. "ही हळद आहे. तुमच्याकडं मशिनचं लग्न लावतात का गं?"

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. मी आईला फोन लावला.

"आई, डब्याची पूजा केलीस का गं कवा?"

"व्हय की. दरवर्सी करते, खंडेनवमीला."

आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं आणि अवजारं धुऊन-पुसून मांडतात. खुरपी, कोयता, कुऱ्हाड, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर, शिवणयंत्र, मोटारसायकल. ज्यानं हाताला काम मिळतं त्याची पूजा. अण्णा सांगायचे, युनिटमध्ये तर रायफलीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना हार घालतात. हे सगळं मला माहीत होतं. त्या रांगेत डबाही बसतो, हे माहीत नव्हतं. खंडेनवमीला मी सहसा सांगलीलाच असते, दुसऱ्या दिवशी सोनं लुटायच्या वेळेला घरी पोचते.

"पर झाकण उघडून आत का लावलंस?"

"मग? वरनं लावलं तर पुसून जातंय. आत तो डोळा हाय न्हवं, त्याला लावते. देवाला कपाळ असतंय, ह्याला दुसरं काय हाय लावायला?"

"आणि अक्षता?"

"हळद-कुंकू लावल्यावर अक्षता नको? असं कसं बोलतीस?"

रूममेट उशीत तोंड खुपसून हसत होती. आई पलीकडून बोलतच राहिली. "तू तुझी पुस्तकं नेलीस. त्यानं त्याचं बूट नेलं. तुमी दोघं घरात न्हाईसा, मग पूजेला तुमचं काय मांडायचं? तेवढा डबाच राहिला होता. काढते, पुसते, पूजा करते, परत ठेवते." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "का गं? माझ्यामुळं बिघडलं व्हय ते?"

"न्हाई आई. नुसतं पुसायचं हाय."

"खरं सांग."

"खरंच. पुसलं की झालं."

खरं तर पुसलं की झालं का, ते मला माहीत नव्हतं. पण एक गोष्ट मला त्या वेळी नीट कळली. आम्ही घरातून निघून गेल्यावर ट्रंकेतला डबा आम्ही विसरलो होतो. आई विसरली नव्हती. दर वर्षी ती त्याला कुऱ्हाडीच्या आणि स्टार्टरच्या शेजारी मांडत होती, कारण तिच्या हिशेबानं ते तिच्या मुलांचं अवजार होतं. मी कापसाची नवी काडी उचलली.

लेन्स पुसताना मी श्वास रोखून धरत होते. काडी स्पिरिटमध्ये बुडवायची, झटकायची, लेन्सवर गोल फिरवायची, टाकून द्यायची, नवीन घ्यायची. पिवळा रंग सहजासहजी जाईना. रूममेटनं सांगितलं की हळद अशीच असते, तिच्या वडिलांचे हात आंघोळ करूनही पिवळेच असतात. हळूहळू काड्या स्वच्छ यायला लागल्या. लेन्समध्ये खोल निळसर चमक दिसली. रूळ पुसले, दातेरी चाक बोटानं फिरवून पाहिलं, छोटी गाडी न अडखळता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. त्या बारक्या स्क्रूला मी हात लावला नाही.

हॉस्टेलच्या टीव्हीला त्या तीन पिनांची भोकं नव्हती. नवीन टीव्ही, चपटा. मग मी नुसतीच डिस्क घालून डबा चालू केला आणि कान लावून ऐकलं. सर्र आवाज आला. मग टिक टिक झालं नाही. त्याऐवजी बारीक गुरगुर, थांबून थांबून, काहीतरी शोधत असल्यासारखी. लहानपणी शर्यत सुरू होण्याआधी हाच आवाज यायचा. पण पडद्याशिवाय मी काय सांगणार? कदाचित वाचतही असेल. कदाचित मला ऐकू यायला हवं तेच ऐकू येत असेल.

शनिवारी लेक्चर बुडवून निघाले. एसटीत डबा मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय मिक्सर हाय का?" मी म्हटलं, "व्हय." सगळं समजावून सांगायचा धीर नव्हता. खड्डा आला की मी दोन्ही हातांनी डबा वर उचलून धरत होते, आणि बाई म्हणाल्या, "लय जपतीस गं, लग्नातला हाय वाटतं."

घरी पोचले तर अण्णा ओसरीत बसले होते, हात शालीत. बॅग बघून म्हणाले, "आणलास व्हय परत? कशाला हमाली केलीस?"

"लावून बघू, अण्णा."

"तू चहा घे आदी."

मी चहा घेतला नाही. पिना बसवल्या. आई दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. मी डिस्क बसवण्याआधी तिनं आत डोकावून पाहिलं. डोळा स्वच्छ, निळा. तिनं पदर तोंडाला लावला.

"आता बाहेरनंच लावीन," ती म्हणाली.

"लावायचंच का पण?" अण्णा म्हणाले.

"लावायचंच. कामाची वस्तू हाय."

बटण दाबलं. दिवा लागला. सर्र. मी पडद्याकडं बघत नव्हते, मी झाकणाकडं बघत होते. मग तो आवाज आला, आमच्या सगळ्या संध्याकाळींच्या सुरुवातीचा, खोल घुमणारा, आणि पडदा उजळला. आईनं हात जोडले.

अण्णांनी शाल बाजूला केली. डाव्या हातानं उजवा हात उचलला, कंट्रोलरवर ठेवला आणि डाव्याच हातानं उजवा अंगठा त्या बटणावर नेऊन बसवला. हे त्यांनी आमच्यासमोर केलं. त्याआधी ते कोणासमोर तो हात उचलत नव्हते.

शर्यत सुरू झाली. बाकीच्या गाड्या सूं करून निघून गेल्या. अण्णांची गाडी जागेवरच. मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत होते. नखाच्या टोकाशी कातडी पांढरी होत होती, म्हणजे ते जोर लावत होते, पण तो जोर बटणापर्यंत पोचत नव्हता. मला बघवेना. मी माझं बोट त्यांच्या अंगठ्यावर ठेवायला पुढं झाले.

"हात काढ."

मी हात काढला.

गाडी हलली. हातभर गेली आणि थांबली. पुन्हा हलली. अंगठा घसरला, तो त्यांनी डाव्या हातानं उचलून परत बटणावर बसवला. तोवर डावा हात दिशेच्या बटणावर नव्हता, म्हणून गाडी जाऊन कड्याला टेकली. घासली. अण्णांनी "च्" केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या गाडीला ओरखडा पडला होता. आई म्हणाली, "आवं, दमला असाल, ऱ्हावू द्या." ते ऐकतच नव्हते. ओठ दाबलेले, मान किंचित पुढं, खऱ्या घाटात काचेवर धुकं आल्यावर बसायचे तशी. गाडी थांबत, हलत, थांबत पुढं चालली होती. पहिलं वळण अजून लांब होतं आणि वेळ संपला. पडद्यावर मोठी लाल अक्षरं आली.

मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं.

"परत लाव," अण्णा म्हणाले.

मी परत लावलं. मग परत. चहा निवला, आईनं तो गरम करून आणला, पुन्हा निवला. मध्ये एकदा गाडी सलग बरीच पुढं गेली, न थांबता, आणि मी बघितलं तर अंगठा पूर्ण वाकून बटणावर रुतला होता. मी बोलले नाही. बोलले असते तर तो सुटला असता असं मला वाटलं.

जेवणाच्या वेळेला भावाचा फोन आला. मी फोन स्पीकरवर टाकून अण्णांच्या पुढ्यात ठेवला. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

"अण्णा, चालला का डबा?"

"चाललाय."

"मग कितवा नंबर आला?"

"नंबर कुठला? अजून पहिल्या वळणाला पोचलो न्हाई," अण्णा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "तू फोन ठेव रं. अंगठा सुटतोय माझा."